चकत्या

पाणी आज पाचव्या दिवशी आलं
आणि पहिली घागर मी बंदुकीला दिली.
कमळव्वा कठड्यावरून बघत होती :
"पोरांच्या आंघोळी राहिल्यात,
आणि तू लोखंडाला न्हाऊ घालायलीस?"
होय.
बाळंतिणीला घालतात तसं, कढत.

ठासणीची दुनळी, मंद्रूपकडची.
मालक रेवणप्पा म्हमाणे.
परवाना आजोबांचा, मग बापाचा, मग याचा,
कारण तिघांचं एकच लिहिलेलं :
शाळू, आणि शाळूत शिरणारी रानडुकरं.
निवडणुकीत दोन महिने ती ठाण्यात जमा होती.
परत मिळाली त्या रात्री घाईत त्यानं नवी दारू ठासली,
पाकिटातली, काळीची सावत्र बहीण.
कुणी तरी सांगितलं होतं,
हिला मागनं धुवायला लागत नाही.

धुवायला लागत नाही असं जिच्याबद्दल सांगतात
ती वस्तू आधी धुवावी,
नान्ना म्हणायचे.
ते मिलमध्ये फिटर. मिल थांबली
त्याच महिन्यात साखर पेठेतला बंदुकीवाला म्हातारा गेला,
त्याची गिऱ्हाईकं वाट विचारत आमच्या दारात आली
आणि नान्नांच्या हातात पान्हा होताच.

नळीला डोळा लावला.
पलीकडं आभाळाचा रुपया दिसायला हवा,
दिसली न उपसलेली विहीर.
काळी दारू निदान वासानं सांगते, नासक्या अंड्याच्या.
हिला वास नाही म्हणावा इतकाच. नुसता खार.
आणि खार रात्रीतून हवेतलं पाणी ओढतो.
आमच्या सोलापुरात, जिथं हवेतही पाणी नाही,
तरी ओढतो.

पाणी वरून ओतलं, कानातून बाहेर आलं, शाईसारखं.
पहिली चिंधी डांबर.
तिसरी चहा.
पाचवी कोरी असायला हवी होती
पण गज मधेच अडला
आणि ओढल्यावर त्याच्याबरोबर आली
सापाची कात असावी तशी लांब, पांढुरकी
प्लॅस्टिकची पट्टी.
जुन्या काडतुसातली वाटी काढून
हुशारीनं वापरली होती रेवणप्पानं.
काडतुसात ती शहाणी.
इथं वितळते, आणि नळीला माहेर समजून राहते.

आता बोळा कशाचा?
पुठ्ठा दारूवर नीट बसतो,
लग्नपत्रिकेचा तर फारच छान
(गणपती कापला जाऊ नये म्हणून
नान्ना आधी वरचा भाग काढून ठेवायचे,
एक डबा भरलाय अजून गणपतींचा)
पण एकट्या पुठ्ठ्यानं भागत नाही, वर मऊ काही तरी हवं.
"चादर काप की," रेवणप्पा म्हणाला, "गावात काय कमी हाय?"
चादर नको. सूत धुमसतं,
शाळू वाळलेला असतो,
डुकरं पळायची आणि रान पेटायचं.
लोकर पेटत नाही, करपून गप्प बसते.

घरात लोकर एकच होती.
दुपारी दुकानात आडवे व्हायचे नान्ना, ती घोंगडी.
काळी, एका टोकाला बिडीनं पडलेलं भोक.
मी भोकापासूनच सुरुवात केली.
ठोकणी, हातोडा, खाली कडुनिंबाचा ठोकळा.
साठ झाल्यावर थांबले.
मेण आणि करडईच्या तेलात बुडवून
वर्तमानपत्रावर वाळत घातल्या,
तेव्हा कमळव्वा पुन्हा :
"धपाटी लावलीस काय गं?"

शाळू निघाल्यावर रेवणप्पाची बायको बाजाराला आली.
नीलव्वा. पहिल्यांदाच बघितली.
पदराखालून डबा काढला :
"कापणीत सापडल्या. तुमच्याच ना ओ या?"
बेचाळीस. कडेला करपलेल्या,
मधे काळ्या, म्हणजे होत्या तशाच.
"डुकरं?"
"पळत्यात. आन् परत येत्यात."
चहा तिनं बशीत ओतला, फुंकला नाही.
"एक सांगा की यांना," म्हणाली,
"बंदूक धुवायला रात्री चुलीवरलं
माझ्या भांड्यांचं पाणी नेतेत."